विश्लेषण : चूक लशीची की बाटलीची? १९ मृत्यूंचा ठपका सोसणारे हाफकिन कोण होते?

३१ जानेवारी २०२१, रविवार. देशभर पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर गेले. चूक लक्षात आल्यावर मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवण्यात आले. सुदैवाने सगळी मुले बरी झाली. संबंधितांवर कारवाई झाली, बातमी देशभर फिरली आणि दोन-तीन दिवसांत दुसऱ्या बातम्यांखाली दबली.

पण ती वाचणाऱ्या आई-वडिलांच्या मनात उरलेला प्रश्न इतका लवकर दबत नाही. पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या तर बाळाला केंद्रावर न्यायचे की नाही? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सुमारे १२० वर्षांपूर्वी असाच प्रश्न पंजाबातील एका गावाने विचारला होता. त्याच्या उत्तराची किंमत एका शास्त्रज्ञाला आयुष्यभर मोजावी लागली. त्यांचे नाव आपण रोज ऐकतो, कारण मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. पोलिओची लस पुरवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या पाटीवरही तेच नाव आहे. माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

वाल्देमार हाफकिन भारतात कसे आले?

जन्म १५ मार्च १८६०, ओडेसा. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेले हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. ज्यू कुटुंबातील हा मुलगा विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला. शहरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा तो वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये होता. त्यात जखमी झाला, पकडलाही गेला. पुढे प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अट आली. त्यांनी ती नाकारली.

मग जीनिव्हा आणि तिथून १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर संस्थेत जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. म्हणजे दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. त्यातून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. युरोपातील जाणकारांना ती फारशी पटली नाही. पटकीने खरा कहर भारतात मांडला होता, म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले.

तिथल्या वस्त्यांमध्ये सुरुवातीला दगडही पडले. विदेशी माणूस सुई घेऊन आला आहे, म्हटल्यावर आणखी काय होणार? हाफकिन यांनी पोलीस मागवल्याची नोंद नाही. त्यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून दाखवले आणि चौधरी, घोष, चटर्जी, दत्त या चार भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले. १८९४ मध्ये काटलबागान वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे पटकी आली तेव्हा लागण झाली ती न टोचलेल्यांना. ही बातमी शेजारच्या वस्तीत आपोआप गेली.

प्लेगच्या लशीत तूप कशासाठी?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढी त्यांची प्रयोगशाळा. तीन महिन्यांत लस उभी राहिली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यांनी पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली, नंतर लोकांना देणार होते त्याहून मोठ्या मात्रेत. सणकून ताप भरला, टोचलेली जागा सुजली, आणि ते कामाला लागले.

लस कशी बनायची? मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णता देऊन ते मारायचे, आणि मेलेले जंतू असलेले ते पाणी टोचायचे. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, हे हाफकिन यांच्या लक्षात आले होते. भारतातल्या घरात हे मांस कोणते, हा प्रश्न आधी येणार हेही त्यांना कळत होते. म्हणून गाय आणि डुक्कर टाळून बकऱ्याचे मांस वापरले गेले. आज लशीवरच्या शंकांना आपण गैरसमज म्हणून पटकन बाजूला सारतो. त्यांनी त्यातल्या एका शंकेचे उत्तर थेट कृतीतच घालून टाकले.

पहिली चाचणी भायखळा तुरुंगात झाली. कैद्यांनी स्वेच्छेने नावे दिली, असे कागद सांगतात. तुरुंगात स्वेच्छेला कितपत अर्थ असतो हा वेगळा प्रश्न, आणि आजची कोणतीही नैतिकता समिती त्या चाचणीला सहज मंजुरी देणार नाही. टोचलेल्या आणि न टोचलेल्या कैद्यांची तुलना झाली आणि फरक दिसला. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला, त्यांच्यामागे खोजा समाजातील हजारो लोक आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

घरातल्या कुणाला टोचायचे? उंडेऱ्याचा हिशेब

हा भाग पालकांनी जरा सावकाश वाचावा.

दमणमध्ये १८९७ साली प्लेग आला तेव्हा शहरात राहिलेल्या ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यातले ३६ दगावले. न घेतलेले ६,०३३ होते, त्यातले १,४८२ दगावले. म्हणजे एकीकडे शंभरात दोनहून कमी, दुसरीकडे शंभरात जवळपास २५. आकडे बोलके आहेत, पण टीकाकारांनी लगेच शंका काढली, आणि ती योग्यच होती. कदाचित लस घेणारे आधीच सुस्थितीतले, स्वच्छ घरांत राहणारे, लवकर उपचार मिळणारे असतील. मग श्रेय लशीचे की घराचे?

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावत. एका वेळी एकच घटक बदला, बाकी सगळे तसेच ठेवा. हाफकिन यांनी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंडेरा गावात नेमके हेच केले. त्यांनी श्रीमंत-गरीब, वरची आळी-खालची आळी असे गट पाडलेच नाहीत. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. घर तेच, पाणी तेच, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा.

काही आठवड्यांनी गावातील २८ घरांत प्लेग शिरला. या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यातील ८ आजारी पडले, ३ दगावले. लस न घेतलेले ६४ होते. त्यातील २७ आजारी पडले, २६ दगावले.

या ओळी कोरड्या वाटतात. पण ती २८ घरे डोळ्यांसमोर आणून पाहा. एका भावाला टोचलेले, दुसऱ्याला नाही. त्या निम्म्यांत कोण आणि उरलेल्यांत कोण, हे त्या घरांत पुढे किती वर्षे आठवले गेले असेल? वैद्यकशास्त्राला उंडेऱ्याने पुरावा दिला. त्याची किंमत कुणी दिली हे त्या तक्त्यात दिसत नाही.

त्या तक्त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. लस घेतलेल्यांतही ३ जण गेले. ही लस शंभर टक्के नव्हती. तिने ताप यायचा, हात दुखायचा, दोन दिवस काम बुडायचे. हाफकिन यांच्या तक्त्यांमध्ये लस घेतलेल्यांचे मृत्यूही दुसऱ्या रकान्याशेजारी उघड मांडलेले असत.

तेव्हा लशीची सक्ती होती का?

देवीच्या लशीची होती. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने बालकांना ती बंधनकारक झाली. प्लेगच्या लशीबाबत मात्र सरकारने सर्वसामान्यांवर तशी सक्ती केली नाही, आणि प्लेग आयोगानेही तशी शिफारस केली नाही. कारण एव्हाना पुण्याचा धडा मिळाला होता. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या जोरावर तिथे घरात शिरून झडत्या झाल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. लोक इतके बिथरले की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. दारावर बंदूक आणि दारावर मदत या दोन्हींचा अनुभव पुण्याने एकाच वर्षात घेतला.

सूट हा शब्द त्या काळात उलट्या अर्थाने वापरात होता. आज सूट म्हणजे लस न घेण्याची परवानगी. तेव्हा लस घेतल्याचा दाखला दाखवला की सक्तीच्या विलगीकरणातून सूट मिळे. इंग्लंडमध्ये मात्र आजच्या अर्थाची सूट त्याच सुमारास जन्माला आली. तिथे १८५३ पासून बालकांना देवीची लस सक्तीची होती आणि न देणाऱ्या पालकांना दंड होई. दंड भरून थकलेल्या पालकांनी अनेक वर्षे आंदोलन केले. १८९८ च्या कायद्याने त्यांना मार्ग दिला. आपला विरोध प्रामाणिक आहे हे दंडाधिकाऱ्यांना पटवून द्यायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे.

मलकोवालमध्ये नेमके काय चुकले?

पंजाब सरकारने १९०२ मध्ये मोठी मोहीम आखली आणि परळच्या प्रयोगशाळेकडे लशीची प्रचंड मागणी आली. उत्पादन वाढवण्यासाठी पद्धतीत बदल झाला. पूर्वी तयार लशीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्ल मिसळत. आता केवळ उष्णतेवर भर होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यातील ५३-एन या एकाच बाटलीतून १९ जणांना लस मिळाली. आठवडाभराने त्यांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

यंत्र बंद पडले की आधी बिघाड कोणत्या भागात आहे ते वेगळे काढतात. इथे ते आकड्यांनीच काढून दिले होते. चारही बाटल्या ठीक होत्या, म्हणजे लशीचे सूत्र ठीक होते. बिघाड एका बाटलीत होता. मग धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत परळला गेले की मलकोवालच्या मातीत?

सरकारी चौकशी आयोगाने परळकडे बोट दाखवले. बाटली उघडण्याआधीच दूषित होती आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक होती, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. ते युरोपला परतले. पंजाबची मोहीम गुंडाळली गेली.

कागदपत्रे लोकांसमोर आली ती काही वर्षांनी. त्यात एक साधी नोंद होती. मलकोवालमध्ये बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो पूर्ण निर्जंतुक न करता नुसता जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरला गेला. शिवाय बाटली आठवड्यांपूर्वीच दूषित झाली असती तर उघडताना घाण वास आला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. मलेरियाचा डास शोधून नोबेल मिळवलेले हेच ते रॉस. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या दैनिकात जाहीर पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप खोडून काढला.

निर्दोष ठरल्यावर काय मिळाले?

फारसे काही नाही. भारतात परतायची परवानगी मिळाली, पण मुंबईतील स्वतः उभारलेल्या प्रयोगशाळेत नाही. कलकत्त्यात एक जागा मिळाली, तिथेही नव्या लशींच्या चाचण्या करायला मनाई. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केले नव्हते. अखेरच्या वर्षांत धर्मनिष्ठ ज्यू म्हणून राहिले आणि आपली पुंजी ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्याआधी १९२५ मध्येच त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर मुंबईतून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते.

माझ्या मते मलकोवालचा खरा घोळ चिमटा पडण्यात नाही. चूक कुठे झाली हे लोकांना वेळेत सांगितले गेले नाही, त्यात आहे. माहिती दडली की गावाला चिमटा आणि लस यातला फरक कळायला मार्ग राहत नाही, मग सगळाच दोष लशीच्या खात्यावर जातो. कापसी-कोपरीत काय दिले गेले हे काही तासांत कळले, जाहीर झाले आणि मुलांवर त्यानुसार उपचार झाले. चूक अक्षम्यच होती. पण ती बाटलीची होती हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत होते.

आज नियम काय आहे? लस नाकारता येते का?

बालकांचे लसीकरण सर्वांवर बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा भारतात नाही. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मोफत आणि ऐच्छिक आहे. त्यामुळे अंगणवाडीत घालण्यापूर्वी भरायचा सूट मागणारा अर्जही आपल्याकडे नसतो. अनेक खासगी प्ले-स्कूल प्रवेशावेळी लसीकरण कार्डाची प्रत मागतात, तो त्यांच्या प्रवेश प्रक्रियेचा भाग असतो. गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी, जानेवारी २०१९ मध्ये, शाळेत लस देण्यापूर्वी पालकांची संमती हवी, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने घेतली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीच्या प्रकरणात कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही असे स्पष्ट केले. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे, आणि विदर्भातून तिकडे गेलेल्या अनेक कुटुंबांना ते पहिल्याच शाळाप्रवेशात कळते. तिथे सर्व राज्यांत शाळेसाठी लसी आवश्यक आहेत. वैद्यकीय कारणाने सूट सगळीकडे मिळते, धार्मिक कारणाने बऱ्याच राज्यांत. कॅलिफोर्नियाने गोवराच्या साथीनंतर २०१५ मध्ये वैयक्तिक श्रद्धेच्या आधारावरील सूट कायद्याने बंद केली, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक सूट काढून टाकली.

नाकारता येते म्हणजे नाकारल्याने काही बिघडत नाही, असे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला, बालके दगावली, आणि त्यांत लस न घेतलेल्यांची संख्या मोठी होती. निवड पालकाची असली तरी गोवर शेजारच्या घरातल्या, अजून नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळालाही गाठतो. त्या बाळाला गोवराची पहिली लस मिळायची वेळच आलेली नसते.

लस कधी थांबवावी, केंद्रावर काय पाहावे?

साधी सर्दी, हलका ताप, जुलाब ही लस टाळण्याची कारणे नाहीत. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, बाळाची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने कमी असेल, किंवा बाळ गंभीर आजारी असेल, तर डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

पोलिओची लस छोट्या काचेच्या कुपीत येते, बर्फाच्या पेटीत ठेवलेली असते आणि ड्रॉपरने दोनच थेंब दिले जातात. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन छापलेला असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी आहे. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद दिसला, तर ती कुपी बाद. ती दाखवा, असे म्हणायला संकोच करू नये. आशाताई किंवा परिचारिका याने रागावत नाहीत, आणि रागावल्या तरी कुपी पाहूनच घ्यावी.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे. कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तो झाला तर काय करायचे, पुढची तारीख कोणती, आणि येताना कार्ड आणायचे, या चार गोष्टी सांगणे हे लस देणाऱ्याचे काम आहे. सांगितल्या नाहीत तर विचाराव्यात. नंतर काही वेगळे वाटले तर आरोग्य केंद्राला कळवावे. अशा प्रत्येक गंभीर घटनेची नोंद आणि तपासणी करण्याची जिल्हा पातळीवर ठरलेली व्यवस्था आहे.

कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत गाव सोडावे लागले आणि एखादी तारीख चुकली, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस तिथून पुढे घेता येतो. त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, आणि निघण्याआधी मोबाइलमध्ये त्याचा एक फोटो काढून ठेवावा.